जीपच्या हरिकेन इंजिनात नवा कॅमशाफ्ट बसवताना एंड प्ले कसा तपासावा

नवा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, बसवताना नवशिक्या कारागिराचे सगळे लक्ष टायमिंगच्या खुणांकडे असते. ते स्वाभाविकही आहे, कारण खुणा चुकल्या तर इंजिन धड चालूच होत नाही आणि चूक त्याच दिवशी उघड होते. एंड प्ले चुकला तर मात्र इंजिन सुरू होते, पहिले काही दिवस बरे चालते आणि दुखणे काहीशे किलोमीटरनंतर बाहेर येते. तोपर्यंत टायमिंग कव्हर, पंखा, रेडिएटर असे सगळे जागेवर बसलेले असते आणि दहा मिनिटांच्या मोजणीसाठी पुन्हा दोन दिवसांचे काम करावे लागते. म्हणून ही मोजणी कव्हर लावण्यापूर्वी, शांतपणे आणि समजून करावी, एवढ्यासाठी हा लेख आहे.

एंड प्ले म्हणजे कॅमशाफ्टला त्याच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे इंजिनाच्या पुढे-मागे, सरकायला मिळणारी मोकळीक. बेअरिंग आणि जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा शाफ्टचा गुळगुळीत भाग) यांच्यातली जी मोकळीक असते ती वेगळी. ती शाफ्टला आडव्या दिशेने मिळते आणि तिचे माप, तिची कारणे, तिचे उपाय निराळे आहेत. या दोन गोष्टींची गल्लत होते, कारण बोलताना दोन्हींना नुसते ‘प्ले’ म्हटले जाते. या लेखात फक्त पुढे-मागे सरकण्याचा विचार आहे.

उदाहरणासाठी विलीज जीपचे ‘हरिकेन’ हे चार सिलिंडरचे एफ-हेड (इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असलेले) पेट्रोल इंजिन घेतले आहे. १३४ घनइंचांचे, म्हणजे सुमारे २.२ लिटरचे हे इंजिन १९५३ मध्ये आलेल्या सीजे-३बी जीपमध्ये होते, आणि तीच जीप पुढे महिंद्र कंपनीने परवान्यावर आपल्याकडे अनेक वर्षे बनवली. त्यामुळे जुनी पेट्रोल जीप उघडून पुन्हा बांधणाऱ्याच्या हाती बहुधा हेच इंजिन येते. शिकण्यासाठीही ते फार चांगले आहे, कारण कॅमचा जोर कुठून कुठे जातो हे त्यात उघड्या डोळ्यांनी दिसते.

या इंजिनात कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये चार ठिकाणी आधारलेला असतो. सगळ्यात पुढच्या ठिकाणी बदलता येणारा, बॅबिट या मऊ धातूचा बुश असतो. बाकीच्या तीन जागा थेट ब्लॉकमध्येच कापलेल्या असतात. क्रँकशाफ्टवरचा पोलादी गिअर कॅमवरच्या मोठ्या फायबर गिअरला फिरवतो आणि या दोन्ही गिअरचे दात तिरके असतात. तिरक्या दातांमुळे गिअर कमी आवाज करतात, पण त्याची किंमत अशी की ते एकमेकांना फिरवता फिरवता लांबीच्या दिशेनेही ढकलतात. कॅमशाफ्टच्याच अंगावर आणखी एक तिरका गिअर असतो, जो ऑइल पंप फिरवतो आणि त्याच्यामार्फत डिस्ट्रिब्युटर; त्याचीही ओढ कॅमला लांबीच्या दिशेने बसते. शिवाय व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबताना कॅमचे फिरणे रोखणारा आणि स्प्रिंग सुटताना ते पुढे लोटणारा झटका प्रत्येक लोबगणिक (लोब म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारा कॅमवरचा उंचवटा) येतो, त्यामुळे हा जोर एकसारखा राहत नाही. मोकळीक जास्त असली की कॅम या झटक्यांबरोबर पुढे-मागे आपटू लागतो.

हे आपटणे नुसत्या आवाजापुरते राहत नाही. कॅम पुढे-मागे सरकला की तिरक्या दातांमुळे तो किंचित फिरतोही, म्हणजे व्हॉल्व्ह टायमिंग हलते; आणि ऑइल पंपाच्या गिअरमार्फत डिस्ट्रिब्युटर हलतो, म्हणजे इग्निशनची वेळ हलते. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लखलखणारा दिवा) लावल्यावर खूण एका जागी न थांबता थरथरताना दिसते, तेव्हा पुष्कळ जण डिस्ट्रिब्युटरचा बुश बदलतात आणि खूण तरीही थरथरत राहते. याउलट मोकळीक फार कमी असली तर थ्रस्ट प्लेट (कॅमला पुढे-मागे अडवणारी, ब्लॉकला पक्की केलेली पट्टी) आणि गिअरचा हब (मधला भाग) यांच्यामध्ये तेलाचा थर टिकत नाही, दोन्ही पृष्ठभाग कोरडे घासतात, तापतात, त्यांच्यावर चरे पडतात आणि निघालेला धातूचा कीस तेलातून इतर बेअरिंगांपर्यंत जातो. माझ्या मते कमी मोकळीक ही जास्त मोकळिकीपेक्षा घातक आहे, कारण ती काहीच आवाज करत नाही.

जीपच्या दुरुस्ती-पुस्तिकेनुसार या इंजिनात कॅमचा एंड प्ले ०.००४ ते ०.००७ इंच, म्हणजे सुमारे ०.१० ते ०.१८ मिलिमीटर असावा. गॅरेजच्या भाषेत ‘चार ते सात थाऊ’ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग).

जोर कुठल्या दोन पृष्ठभागांवर येतो

मोजण्याआधी हे समजणे आवश्यक आहे, आणि नवशिक्याने इथे घाई करू नये. कॅमशाफ्टच्या पुढच्या जर्नलला एक खांदा असतो. त्या खांद्यापुढे शाफ्टच्या कमी व्यासाच्या भागावर स्पेसर नावाची एक जाड पोलादी कडी बसते. स्पेसरच्या पुढे कॅम गिअरचा हब बसतो आणि पुढून एक बोल्ट हे सगळे खांद्यावर आवळून धरतो. म्हणजे खांदा, स्पेसर आणि हब हे तिन्ही मिळून एकच घट्ट तुकडा झालेला असतो आणि तो कॅमबरोबर फिरतो. थ्रस्ट प्लेट मात्र ब्लॉकला बोल्टने पक्की केलेली असते आणि फिरत नाही. तिच्या मधल्या भोकातून स्पेसर आरपार जातो, त्यामुळे प्लेटची कड एका बाजूला कॅमचा खांदा आणि दुसऱ्या बाजूला गिअरचा हब यांच्या फटीत अडकलेली असते.

कॅम मागे सरकला की हब प्लेटवर टेकतो. पुढे सरकला की खांदा प्लेटवर टेकतो. या दोन टेकण्यांमधले अंतर म्हणजेच एंड प्ले, आणि ते अंतर स्पेसरच्या जाडीतून प्लेटची जाडी वजा केल्यावर उरते. समजा प्लेट ४.७५ मिलिमीटर आणि स्पेसर ४.८८ मिलिमीटर मोजला, तर एंड प्ले ०.१३ मिलिमीटर यायला हवा. (हे आकडे फक्त हिशेब दाखवण्यासाठी घेतले आहेत, आपले सुटे भाग आपण स्वतः मोजावेत.) ही वजाबाकी ज्याला एकदा कळली त्याला पुढचे सगळे सोपे जाते, आणि ज्याने ती सोडून नुसता डायल गेजवरचा (काट्याने सरकणे दाखवणाऱ्या मोजयंत्रावरचा) आकडा पाठ केला त्याच्या हातून दुरुस्ती उलटी होण्याची शक्यता असते.

अशी उलटी दुरुस्ती मी प्रत्यक्ष पाहिली आहे. माझ्याकडे शिकायला असलेल्या एका मुलाने एंड प्ले मोजला, तो ०.२८ मिलिमीटर आला. प्ले जास्त आहे, म्हणजे कुठेतरी फट आहे, आणि फट भरायला शिम, म्हणजे धातूची पातळ चकती, लावतात, असा विचार करून त्याने गिअर काढला, स्पेसर आणि हब यांच्यामध्ये ०.१० ची शिम घातली आणि पुन्हा मोजले, तर ०.३८ आला. डायल गेज बिघडला असे त्याला वाटले. गेज चांगला होता. या रचनेत शिम स्पेसरची जाडी वाढवते, म्हणजे हबला प्लेटपासून आणखी दूर नेते आणि प्ले वाढवते. त्याला मी कागदावर खांदा, स्पेसर, प्लेट आणि हब काढून दाखवले तेव्हा चूक क्षणात त्याच्या लक्षात आली. तेव्हापासून नव्या मुलाला डायल गेज देण्याआधी मी त्याच्याकडून हे चित्र काढून घेतो.

लागणारे साहित्य

०.०१ मिलिमीटर मोजणारा डायल गेज आणि त्याचा मॅग्नेटिक स्टँड, ० ते २५ मिलिमीटरचा मायक्रोमीटर, फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पट्ट्यांचा संच), टॉर्क पाना, स्वच्छ सुती कापड, रॉकेल किंवा डिझेल, साधे इंजिन ऑइल आणि कॅमच्या लोबला लावायची मॉलिब्डेनमची पेस्ट. याखेरीज कपडे वाळत घालायचे आठ लाकडी चिमटे घ्यावेत. त्यांचे काम पुढे येईल. स्क्रू-ड्रायव्हर किंवा टॉमी (उचकटायची सळई) यांचा उल्लेख मुद्दाम केलेला नाही, कारण या मोजणीत त्यांचा उपयोग करू नये असेच माझे मत आहे.

सुटे भाग टेबलावर तपासणे

नव्या कॅमच्या पेटीतून निघालेले भाग नवे आहेत म्हणून बरोबर आहेत असे समजू नये. कॅमच्या खांद्याच्या पुढच्या तोंडावर बोट फिरवावे. तिथे वाहतुकीत लागलेला ठोका किंवा उठलेली धार असेल तर ती बारीक तेलदगडाने उतरवावी. थ्रस्ट प्लेटच्या दोन्ही बाजू उजेडात तिरक्या धरून पाहाव्यात. जुनी प्लेट पुन्हा वापरायची असेल तर तिच्यावर हबने आणि खांद्याने घासून केलेली खळगी दिसते का, नखाला पायरी लागते का, हे पाहावे. पायरी लागत असेल तर प्लेट बदलावी. अशा प्लेटची जाडी बाहेरच्या कडेला मोजली तर ती पूर्ण भरते, पण जोर येतो तिथे ती पातळ झालेली असते. मायक्रोमीटर खोटे बोलत नाही, पण आपण त्याला चुकीची जागा दाखवलेली असते.

मग स्पेसर आणि प्लेट दोन्ही किमान चार ठिकाणी मोजावेत आणि आकडे लिहून ठेवावेत. स्पेसरच्या चार मापांत ०.०१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर त्याची दोन तोंडे समांतर नाहीत आणि तो गिअरला तिरका धरील. जुन्या कॅमचा स्पेसर नव्या प्लेटबरोबर किंवा नवा स्पेसर जुन्या प्लेटबरोबर वापरताना विशेष सावध राहावे, कारण ही जोडी एकमेकांना जुळवून ठरलेली असते.

गिअरच्या हबचे मागचे तोंड, चावीचा खाचा आणि अर्धचंद्राकृती चावीही (गिअर शाफ्टवर घसरू नये म्हणून बसवलेला पोलादी तुकडा) तपासावी. चावी खाच्यात पूर्ण खाली बसलेली नसेल तर ती गिअर बसताना मागे रेटली जाते आणि तिरकी उठते, आणि गिअर स्पेसरला पूर्ण टेकण्याआधीच अडतो. बोल्ट घट्ट लागला असे वाटते, पण मोजलेला प्ले खोटा असतो आणि काही तास चालल्यावर गिअर सैल होतो.

टेबलावरच एक प्राथमिक चाचणीही करता येते. कॅम लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर ठेवून प्लेट, स्पेसर आणि गिअर तात्पुरते चढवावेत, बोल्ट आवळावा आणि हब व प्लेट यांच्यामध्ये फिलर गेज घालून पाहावा. ०.१० ची पट्टी सहज जावी आणि ०.२० ची जाऊ नये. ही चाचणी अंतिम नव्हे, पण मोठी चूक इथेच सापडते आणि इंजिनात हात घालण्याआधीच स्पेसर किंवा प्लेट बदलून घेता येते.

कॅम ब्लॉकमध्ये बसवणे

या इंजिनातले टॅपेट (लोबची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणारे तुकडे) खालच्या बाजूने आत जातात, म्हणून ते कॅमच्या आधी घालावे लागतात. नव्या कॅमबरोबर टॅपेटही नवेच घ्यावेत. जुन्या टॅपेटचा घासलेला तळ नव्या लोबला फार लवकर खातो. टॅपेट वर उचलून प्रत्येकाला बाजूच्या टॅपेट कव्हरच्या खिडकीतून एकेक चिमटा लावावा, म्हणजे ते वरच राहतात आणि कॅमच्या वाटेत येत नाहीत. जीपच्या कामात ही युक्ती फार जुनी आहे आणि तिच्यापेक्षा चांगले हत्यार मला अजून मिळालेले नाही.

चिमट्यांचा दुसरा उपयोग मोजणीत आहे आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. टॅपेट लोबवर टेकलेले असतील आणि त्यांच्यावर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा दाब असेल तर कॅम हाताने पुढे-मागे सरकत नाही, आणि जोर लावून सरकवला तरी पूर्ण सरकत नाही. त्यात क्रँकचा गिअर लागलेला असेल तर अडचण दुप्पट होते: तिरके दात असल्यामुळे कॅम पुढे सरकताना थोडा फिरायला हवा, आणि या दोन गिअरमध्ये दातांची मोकळीक ० ते ०.००२ इंच इतकीच ठेवलेली असते. कॅमला फिरायला मिळाले नाही तर तो सरकतही नाही आणि गेजवर प्ले खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून टॅपेट वर बांधलेले असतानाच, व्हॉल्व्हचा कोणताही दाब कॅमवर नसतानाच मोजावे.

पुढचा बुश बॅबिटचा, म्हणून मऊ असतो. कॅम आत घालताना लोबची धार त्यावर घासू देऊ नये; लांब बोल्ट कॅमच्या पुढच्या टोकाला लावून त्याचा दांड्यासारखा उपयोग केला तर कॅम सरळ धरता येतो. जर्नलांना साधे तेल लावावे. लोबला पेस्ट लावावी, पण थ्रस्ट प्लेटच्या तोंडांना या टप्प्यावर जाड पेस्ट लावू नये, नुसता तेलाचा हात फिरवावा. जाड पेस्टचा थर दोन तोंडांमध्ये दबून राहतो आणि गेजवर दोन-तीन शतांश मिलिमीटर कमी दाखवतो. मोजमाप झाल्यावर पेस्ट किंवा भरपूर तेल अवश्य लावावे.

कॅम आत गेल्यावर तो हाताने सहज फिरला पाहिजे. त्यानंतर थ्रस्ट प्लेट लावून तिचे बोल्ट आवळावेत, स्पेसर सरकवावा, चावी बसवावी आणि गिअर पुढच्या बोल्टनेच हळूहळू आत ओढून घ्यावा. गिअर हातोडीने ठोकून बसवणे हे या कामातले मोठे पाप आहे. कॅमच्या मागच्या टोकाला ब्लॉकमध्ये भोक बंद करणारा पत्र्याचा एक वेल्च प्लग असतो. ठोकताना कॅम मागे आदळून तो प्लग बाहेर ढकलला गेला तर तेल फ्लायव्हीलच्या बाजूला गळू लागते आणि क्लचपर्यंत पोचते. त्या वेळी इंजिन पुन्हा उतरवण्यावाचून मार्ग राहत नाही.

टायमिंगच्या खुणा गिअर बसवतानाच जुळवाव्यात. मग गिअरचा बोल्ट टॉर्क पान्याने ३० ते ४० फूट-पाउंड, म्हणजे साधारण ४.१ ते ५.५ किलोग्रॅम-मीटर इतका आवळावा. बोल्ट पूर्ण आवळल्याशिवाय घेतलेल्या मापाला काही अर्थ नाही, कारण खांदा, स्पेसर आणि हब हे एकमेकांना घट्ट चिकटल्यावरच ती वजाबाकी खरी होते. ‘आधी मोजून बघतो, मग आवळतो’ हा क्रम मी स्वतः सुरुवातीच्या काळात केला आहे आणि तेव्हाचे मोजमाप प्रत्येक वेळी चुकले आहे.

प्रत्यक्ष मोजणी

मॅग्नेटिक स्टँड ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर, पुसून कोरड्या केलेल्या सपाट जागी लावावा. इंजिनाच्या पुढच्या पत्र्याच्या प्लेटवर लावायचा असेल तर तिचे बोल्ट घट्ट आहेत याची खात्री करावी, नाहीतर कॅम ढकलताना प्लेटच लवते आणि ते लवणे आकड्यात मिसळते. गेजची दांडी कॅमच्या अक्षाला समांतर असली पाहिजे. ती तिरकी राहिली तर आकडा खरा येत नाही. दांडीचे टोक गिअरच्या हबच्या लोखंडी तोंडावर किंवा बोल्टच्या सपाट डोक्यावर टेकवावे. फायबरच्या कडेवर ते कधीही टेकवू नये, कारण कडेला गिअरचा थोडासा डगमगही मोठा होऊन दिसतो आणि फायबर दाबाने लवतो.

दांडी एक-दोन मिलिमीटर आत दाबली जाईल असा गेज बसवावा, म्हणजे कॅम दोन्ही दिशांना सरकला तरी टोक हबला टेकलेलेच राहते. आता तळहाताने हब मागे दाबावा आणि दोन-तीन सेकंद तसाच धरून ठेवावा, म्हणजे मधले तेल बाजूला सरते. या स्थितीत गेजची तबकडी फिरवून काटा शून्यावर आणावा. मग दोन्ही हातांच्या बोटांनी गिअर मागून समान धरून सरळ पुढे ओढावा आणि तसाच दोन-तीन सेकंद धरावा. काटा जिथे थांबतो तो आकडा वाचावा. पुन्हा मागे दाबावे. काटा परत बरोबर शून्यावर आला पाहिजे. तो शून्यावर येत नसेल तर स्टँड हलला आहे, किंवा कुठेतरी घाण अडकली आहे, आणि ते माप टाकून द्यावे.

असे तीन वेळा करावे. तिन्ही आकडे एकमेकांच्या ०.०१ मिलिमीटरमध्ये आले तर हात स्थिर झाला असे समजावे. नंतर कॅम पाव फेरा फिरवून पुन्हा मोजावे, आणि असे चार ठिकाणी करावे. क्रँकचा गिअर लागलेला असेल तर क्रँक फिरवूनच कॅम फिरवावा, म्हणजे खुणांचा मेळ बिघडत नाही. दोन फेऱ्यांनंतर त्या पुन्हा समोरासमोर येतात. चार ठिकाणच्या आकड्यांत ठळक फरक दिसला, उदाहरणार्थ एका ठिकाणी ०.११ आणि समोरच्या ठिकाणी ०.१६, तर दोन्ही आकडे मर्यादेत असूनही मी पुढे जात नाही. त्याचा अर्थ हब तिरका बसला आहे, आणि बहुतेक वेळा स्पेसरखाली अडकलेला एखादा कण किंवा चावीच्या खाच्याची उठलेली धार त्याला कारण असते.

या सगळ्यात कॅमला आत-बाहेर करण्यासाठी गिअरच्या मागे स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटण्याचा मोह होतो. टॅपेट वर बांधलेले असतील तर कॅम बोटांच्या ताकदीने सहज सरकतो, आणि सरकत नसेल तर तेच एक निदान आहे: काहीतरी अडकले आहे. स्क्रू-ड्रायव्हरने फायबरचे दात तडकतात आणि प्लेटच्या तोंडावर ओरखडे पडतात.

माप चुकले तर

०.१० पेक्षा कमी आले तर स्पेसर आणि हब यांच्यामध्ये योग्य जाडीची शिम घालावी. शिमचा बाहेरचा व्यास स्पेसरइतकाच हवा. ती मोठी असेल तर प्लेटच्या भोकात न जाता प्लेटवरच घासेल. शिम एकच वापरावी, दोन-तीन पातळ शिमा एकावर एक रचू नयेत, कारण त्यांच्यामध्ये तेल राहून बोल्टचा ताण कालांतराने कमी होतो. शिम घालण्याआधी मात्र माप कमी का आले हे पाहावे. नव्या भागांत ते बहुतेक वेळा जाड प्लेटमुळे किंवा पातळ स्पेसरमुळे येते, पण एकदा माझ्यासमोर आलेल्या इंजिनात प्लेटच्या मागे जुन्या गॅस्केटचा तुकडा चिकटून राहिल्यामुळे प्लेट वाकडी बसली होती. तिथे शिम घातली असती तर आकडा सुधारला असता आणि प्लेट एका कडेला घासत राहिली असती.

०.१८ पेक्षा जास्त आले तर पहिला संशय प्लेटवर घ्यावा. नव्या प्लेटने माप मर्यादेत येत असेल तर तोच उत्तम उपाय. प्लेट नवी असूनही माप जास्त असेल तर स्पेसर थोडा उतरवावा. फरक मोठा असेल तर तो सरफेस ग्राइंडरवर करून घ्यावा; ते काम लेथवाल्याकडे काही मिनिटांचे असते, पण त्याला ‘थोडा कमी कर’ असे न सांगता किती शतांश कमी हवे ते लिहून द्यावे. फरक दोन-तीन शतांशांचा असेल तर जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पसरून त्यावर तेलाचे थेंब टाकावेत आणि स्पेसर आठच्या आकड्याप्रमाणे फिरवत घासावा. दर वीस-तीस फेऱ्यांनंतर तो पाव वळसा फिरवून धरावा, म्हणजे बोटांचा दाब एकाच कडेला पडत नाही, आणि चार ठिकाणी मोजावे. काढलेला धातू परत येत नाही, म्हणून हवे त्यापेक्षा किंचित कमीच काढावा, पुन्हा जोडून मोजावे आणि गरज असेल तर पुन्हा उतरवावा.

मर्यादा ०.१० ते ०.१८ ची असली तरी नव्या भागांत मी ०.१२ ते ०.१४ च्या आसपास थांबतो. प्लेट आणि हब घासून प्ले पुढे वाढतच जाणार असतो, त्यामुळे वरच्या टोकाला सुरुवात केली तर आयुष्य कमी मिळते. आणि अगदी खालच्या टोकाला सुरुवात केली तर इंजिन गरम झाल्यावरच्या बदलांना जागा उरत नाही.

हे उपाय दुसऱ्या इंजिनांना जसेच्या तसे लावू नयेत. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या साखळीवर चालणाऱ्या इंजिनात कॅमला पुढच्या टोकाशी स्प्रिंगचा प्लंजर असतो आणि तो टायमिंग कव्हरवर टेकून कॅमला मागे ठेवतो. तिथे ही स्पेसर-प्लेटची वजाबाकी लागूच होत नाही. शेव्हरोलेच्या लहान व्ही-८ इंजिनात, ज्याची सुरुवात १९५५ ची, सपाट टॅपेटच्या कॅमला थ्रस्ट प्लेटच नव्हती. लोबांना दिलेला किंचित उतार कॅमला सतत मागे ढकलत राही आणि साखळीच्या चक्राचे मागचे तोंड ब्लॉकवर टेकत असे. त्याच ब्लॉकमध्ये रोलर टॅपेटचा कॅम घातला तर लोबांना उतार नसल्यामुळे तो पुढे येऊ शकतो, म्हणून पुढच्या टोकाला बटण लावून टायमिंग कव्हरने त्याला अडवावे लागते. तिथे बटणाखाली घातलेली शिम प्ले कमी करते, म्हणजे आपल्या जीपच्या नेमके उलट. शिवाय पत्र्याचे कव्हर बटणाच्या दाबाने लवते, त्यामुळे तिथे कव्हर लावलेल्या स्थितीतच आणि त्याचे लवणे लक्षात घेऊन मोजावे लागते.

कव्हर बंद करण्यापूर्वी

एंड प्ले पक्का झाल्यावर दोन गिअरमधली दातांची मोकळीक तपासावी आणि ब्लॉकच्या पुढच्या बाजूला असलेला तेलाचा जेट तारेने साफ करून हवा मारावी. टायमिंग गिअरांना तेल याच जेटमधून मिळते. तो बुजलेला असेल तर बरोबर ठेवलेल्या एंड प्लेचाही फार उपयोग होत नाही, कारण दात आणि हबच्या आसपासचा भाग कोरडाच राहतो. थ्रस्ट प्लेटच्या दोन्ही बाजूंना भरपूर तेल सोडावे, कॅम दोन-तीन वेळा हाताने पुढे-मागे करून ते आत जाऊ द्यावे, मग चिमटे एकेक करून काढावेत आणि ते मोजून ठेवावेत. आठ लावले असतील तर आठच हातात आले पाहिजेत.

मोजलेले सगळे आकडे वहीत लिहावेत: प्लेटची जाडी, स्पेसरची जाडी, चार ठिकाणचा एंड प्ले आणि घातलेल्या शिमची जाडी. जोडलेल्या भागांच्या वजाबाकीतून आलेला आकडा आणि गेजवरचा आकडा यांत ०.०२ पेक्षा जास्त फरक असेल तर अजूनही काही तरी बरोबर बसलेले नाही, आणि ते शोधण्याची हीच शेवटची सोपी वेळ आहे.

इंजिन पहिल्यांदा चालू केल्यावर ते मंद वेगावर रेंगाळू देऊ नये. सपाट टॅपेटच्या नव्या कॅमला पहिली पंधरा-वीस मिनिटे १५०० ते २००० फेऱ्यांच्या दरम्यान चालवावे, म्हणजे लोबांवर तेल उडत राहते. त्यानंतर इंजिन मंद वेगावर आणून लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टायमिंग कव्हरवर आणि मूठ कानाशी धरावी. गिअरांची एकसारखी गुंजन ऐकू यावी. तीत ठराविक अंतराने ठोका येत असेल तर तो कॅम प्लेटवर आदळण्याचा असू शकतो. टायमिंग लाइट लावून खूण मंद वेगावर स्थिर दिसते का ते पाहावे आणि तेही त्या वहीत, त्याच पानावर नोंदवावे. पहिले तेल मी ८०० किलोमीटरला बदलतो आणि तेव्हा लाइट पुन्हा लावून पाहतो.